तार काढाल, जागा कुठून आणाल?

२०२५च्या सप्टेंबरात म्युनिकच्या वाहन प्रदर्शनात पोर्श कंपनीने आपल्या इलेक्ट्रिक कायेनबरोबर एक लादी मांडली. लांबी ११७ सेंटिमीटर, रुंदी ७८, जाडी ६ आणि वजन सुमारे ५० किलो. ही लादी गॅरेजच्या जमिनीवर ठेवायची, गाडी तिच्यावर आणून उभी करायची, की गाडी आपले पोट थोडे खाली घेते आणि चार्जिंग सुरू होते. वायर ओढायची नाही, प्लग खोचायचा नाही, पावसात हात ओले करायचे नाहीत. क्षमता ११ किलोवॅटची, म्हणजे युरोपात घरच्या भिंतीवर जो चार्जर असतो त्याच्या तोडीची. घेतलेल्या विजेपैकी ९० टक्क्यांपर्यंत वीज बॅटरीत पोचते, असे कंपनी सांगते.

अशी बातमी आली, की हे आपल्याकडे कधी येणार, अशी विचारणा लगेच सुरू होते. मुंबई, ठाणे किंवा पुण्यातल्या सोसायटीत राहणाऱ्याने मात्र आधी दुसराच प्रश्न विचारायला हवा. लादी ठेवायची कुठे?

ज्याच्याकडे स्वतःच्या नावाची, छपराखालची, रोज रात्री हमखास मिळणारी जागा आहे, त्याला आजही चार्जिंगची फारशी अडचण नाही. तो भिंतीवर चार्जर बसवतो आणि घरी आल्यावर पंधरा-वीस सेकंदांत प्लग लावून वर निघून जातो. अडचण आहे ती रस्त्याकडेला गाडी लावणाऱ्याची, ‘जो आधी येईल त्याची जागा’ अशा आवारात राहणाऱ्याची आणि मीटरच्या खोलीपासून पार्किंगपर्यंत केबल टाकायला कमिटीची परवानगी मागत दोन-दोन सर्वसाधारण सभा घालवणाऱ्याची. बिनतारी चार्जिंगने यांच्यातल्या एकाचेही काम होत नाही. मीटरपासून लादीपर्यंत केबल आणावीच लागते. वाचते ती फक्त शेवटची, गाडीला जोडायची वायर. आणि नव्या इमारतींतल्या यांत्रिक पार्किंगमध्ये तर गाडी पोलादी तळावर उभी राहते. अशा पत्र्याजवळ लादीतले तारेचे वेटोळे ठेवले, की त्याच्या चुंबकीय क्षेत्राची बरीच ऊर्जा त्या पत्र्यातच जिरते आणि तो तापू लागतो. म्हणजे शहरातल्या मध्यमवर्गीय वस्तीत जी पार्किंगची सोय वेगाने वाढते आहे, तीच या तंत्राला सर्वांत कमी मानवणारी.

तंत्र म्हणून ते समजायला अवघड नाही. लादीत तांब्याच्या अतिशय बारीक तारांचे वेटोळे असते. घरच्या विजेची सेकंदाला ५० आवर्तने होतात. या वेटोळ्यात सुमारे ८५ हजार आवर्तनांचा प्रवाह सोडतात. त्यामुळे भोवती तितक्याच झपाट्याने बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि गाडीच्या तळाशी असलेल्या दुसऱ्या वेटोळ्यात वीज उपजते. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेले हे तत्त्व. गल्लीच्या तोंडाशी असलेला ट्रान्सफॉर्मरही त्यावरच चालतो. फक्त ट्रान्सफॉर्मरची दोन्ही वेटोळी एका लोखंडी गाभ्यावर घट्ट बसलेली असतात, इथे मध्ये वीतभर हवा असते. ती ओलांडून पुरेशी वीज पलीकडे न्यायची, तर दोन्ही बाजूंची वारंवारता जुळवावी लागते आणि दोन्ही वेटोळी एकमेकांवर नीट यावी लागतात.

नीट म्हणजे किती? अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने २०२० मध्ये जे२९५४ हे मानक प्रसिद्ध केले. ते ३.७ ते ११ किलोवॅटपर्यंतच्या तीन गटांसाठी आहे. त्यात गाडी पुढेमागे साडेसात सेंटिमीटर आणि आजूबाजूला दहा सेंटिमीटर चुकली तरी चालते. गाडी नेमकी उभी असेल तर किमान ८५ टक्के, या मर्यादेत चुकली असेल तर किमान ८० टक्के कार्यक्षमता अपेक्षित आहे. चांगली यंत्रे याहून बरीच वर जातात. तरीही भिंतीलगत गाडी चेपून लावायची सवय असलेल्यांना दहा सेंटिमीटर म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

विजेच्या नासाडीबद्दल मात्र थोडे न्यायाने बोलले पाहिजे. बिनतारी चार्जिंगवर टीका करणारे ९० टक्क्यांची तुलना थेट १०० टक्क्यांशी करतात. ते बरोबर नाही. साध्या प्लगने चार्ज करतानाही गाडीतल्या चार्जरमध्ये वीज उष्णता होऊन जातेच. भिंतीपासून बॅटरीपर्यंत दहा टक्क्यांच्या आसपास गळती तिथेही होते. खरा फरक चांगल्या यंत्रात थोड्या टक्क्यांचा, वाईट यंत्रात बऱ्याच टक्क्यांचा. महिन्याला हजार किलोमीटर चालणाऱ्या मोटारीला साधारण दीडशे युनिट लागतात. पाच टक्के जास्त गेले, तर सात-आठ युनिट. एवढ्याने कोणाचे घर बुडत नाही. पण हाच हिशेब बसच्या डेपोत मांडला, तर आकडा डोळ्यांत भरतो. शंभर बस, प्रत्येकीला दिवसाला दोनशे युनिट धरले, तर रोजचे वीस हजार युनिट. त्याचे पाच टक्के म्हणजे रोज हजार, महिन्याला तीस हजार युनिट नुसते हवेत आणि जमिनीत. तेव्हा विजेची नासाडी ही खासगी मालकाने चिंता करावी अशी गोष्ट नाही. ज्यांच्या निविदा सार्वजनिक पैशातून निघतात, त्यांनी ती करावी.

सुरक्षेचे प्रश्न सुटण्यासारखे आहेत, पण ते फुकट सुटत नाहीत. लादी आणि गाडी यांच्या मध्ये नाणे, चॉकलेटची चांदी किंवा डब्याचे झाकण पडले तर ते तापते, म्हणून परकी वस्तू ओळखून वीज तोडणारे संवेदक लागतात. गाडीखाली उबेला येऊन बसणाऱ्या मांजरासाठी वेगळी यंत्रणा लागते. शरीरात पेसमेकर असलेल्यांसाठी चुंबकीय क्षेत्राची मर्यादा आणखी कडक ठेवावी लागते. यांतली प्रत्येक सोय लादीची किंमत वाढवते.

याबाबत जुना इतिहास वाचण्यासारखा आहे, आणि त्याची आठवण फार कमी लोक काढतात. चालत्या गाडीला जमिनीतून, संपर्काविना वीज देण्याच्या योजनेचे पेटंट मॉरिस हुतँ आणि मॉरिस लब्लाँ या फ्रेंच अभियंत्यांना अमेरिकेत १८९४ मध्येच मिळाले होते. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९९६ मध्ये जनरल मोटर्सने ईव्ही१ ही इलेक्ट्रिक मोटार आणली. तिच्या चार्जरला धातूची उघडी टोके नव्हतीच. प्लास्टिकने मढवलेले एक चपटे वल्हे गाडीच्या नाकाडातल्या खाचेत सरकवायचे आणि वीज चुंबकीय मार्गाने आत जायची. ते हातात धरावे लागे, पण तत्त्व आजच्या लादीचेच होते. पावसात निर्धोक, शॉक लागण्याची भीती नाही, चालायलाही उत्तम. तरी ते हरले. २००१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या हवा नियंत्रण मंडळाने धातूच्या संपर्काने चालणाऱ्या प्लगची बाजू घेतली आणि पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सने आपला हात आखडता घेतला. ज्यांनी हौसेने आपल्या दारी आणि दुकानांपुढे ते चार्जर बसवले होते, त्यांच्याकडे निकामी खोकी उरली. यंत्र चांगले असून भागत नाही. बाकीच्या कंपन्या त्याच आकाराचे तोंड बनवणार का, हे आधी ठरावे लागते.

भारतात तर साध्या प्लगचेही अजून पुरते जमलेले नाही. स्कूटरसारख्या हलक्या वाहनांसाठी एसी आणि डीसी दोन्ही चालेल असे एकच देशी मानक भारतीय मानक ब्यूरोने २०२३ मध्ये काढले. आजही वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्कूटरची तोंडे वेगवेगळी दिसतात आणि एकाच्या चार्जरपाशी दुसरा ताटकळतो. प्लगची ही कथा, तर लादीच्या मानकाची कल्पना करून पाहा. एका कंपनीची लादी, दुसऱ्या कंपनीचे वेटोळे, तिसऱ्याच गाडीची जमिनीपासूनची उंची.

तरीसुद्धा बिनतारी चार्जिंगला श्रीमंतांचे खेळणे म्हणून मोडीत काढणे घाईचे ठरेल. ते जिथे शोभते ती ठिकाणे वेगळी आहेत, आणि तिथे त्याने कामही करून दाखवले आहे. इटलीतल्या तुरिन शहरात २००० च्या दशकाच्या सुरुवातीपासून छोट्या इलेक्ट्रिक बस शेवटच्या थांब्यावर जमिनीतल्या वेटोळ्यावर उभ्या राहून वीज घेत असत. इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्स इथे २०१४ मध्ये सात क्रमांकाच्या मार्गावर आठ बस आल्या. मार्गाच्या दोन्ही टोकांना चालक चहा घेई तेवढ्यात बस आपली वीज घेई. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात वेनाची या छोट्या गावात २०१८ पासून २०० किलोवॅटची लादी वापरात आली. स्वीडनमधल्या गोथेनबर्गला २०२२ मध्ये व्होल्वोच्या टॅक्सींवर ४० किलोवॅटचा प्रयोग सुरू झाला. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातल्या जॉन बॉइज आणि ग्रँट कोविक यांचे संशोधन तर मोटारींच्या कितीतरी आधी जपानच्या दाइफुकू कंपनीमार्फत कारखान्यांत शिरले. तिथे सामान वाहणाऱ्या गाड्यांना वीज हवी असते, पण घासणाऱ्या संपर्काची काजळी आणि ठिणगी नको असते.

या सगळ्यांत सामाईक काय आहे ते पाहावे. वाहन दिवसातून अनेकदा एकाच ठरलेल्या जागी येते. तिथे ते थोडाच वेळ थांबते. आणि प्लग लावायला माणूस मोकळा नसतो, किंवा माणूसच नसतो. टेस्लाने २०२४ मध्ये दाखवलेल्या चालकाविना चालणाऱ्या सायबरकॅबला प्लगचे तोंडच नव्हते, ते याच कारणाने. चाकाच्या खुर्चीवरच्या व्यक्तीला जलद चार्जरची जाड, जड केबल उचलणे किती अवघड असते, हाही विचार यात येतो. तो जाहिरातींत सहसा दिसत नाही, आणि खरे तर खासगी गाडीत बिनतारी चार्जिंग का असावे याचे सर्वांत भक्कम कारण तेच आहे.

आता रस्त्यांबद्दल. चालता चालता चार्जिंग, हे या क्षेत्रातले सर्वांत मोठे आणि सर्वांत महागडे स्वप्न. दक्षिण कोरियात गुमी शहरात २०१३ मध्ये केएआयएसटी संस्थेने तयार केलेल्या बस २४ किलोमीटरच्या मार्गावर धावू लागल्या. मार्गाच्या काही तुकड्यांतच वेटोळी पुरलेली होती. डेट्रॉइटमध्ये २०२३ च्या नोव्हेंबरात चौदाव्या रस्त्याचा पाव मैलाचा तुकडा तयार झाला. पॅरिसच्या नैर्ऋत्येला ए१० महामार्गावर २०२५ मध्ये दीड किलोमीटरच्या पट्ट्यात अवजड ट्रकसह चाचण्या झाल्या, आणि सरासरी दोनशे किलोवॅटहून अधिक वीज गाडीला पोचल्याचे जाहीर झाले.

आकडा मोठा वाटतो. गणित करून पाहू. ताशी ९० किलोमीटरने जाणारा ट्रक तो दीड किलोमीटर एका मिनिटात ओलांडतो. दोनशे किलोवॅटने मिनिटभर वीज मिळाली तर सव्वातीन-साडेतीन युनिट होतात. भरलेल्या ट्रकला किलोमीटरला साधारण सव्वा ते दीड युनिट लागते, म्हणजे मिळालेल्या विजेवर तो जेमतेम अडीच किलोमीटर जाईल. याचा अर्थ ट्रकची बॅटरी उतरू द्यायची नसेल, तर निम्म्याहून जास्त मार्ग वेटोळ्यांनी भरावा लागेल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ९५ किलोमीटरच्या आसपास; दोन्ही दिशांची एकेकच मार्गिका धरली तरी १९० किलोमीटर होतात. त्यातल्या शंभराहून अधिक किलोमीटरमध्ये तांबे, फेराइट, दर थोड्या अंतरावर विजेची खोकी, आणि शंभर ट्रक एकदम आले तर पुरेल असे उपकेंद्र. शिवाय घाटात चढावर लागणारी वीज याहून कितीतरी जास्त. या योजनेचे समर्थक म्हणतात, की बॅटरी लहान होईल आणि ट्रक स्वस्त पडेल. ते खोटे नाही. पण लहान बॅटरीचा ट्रक त्याच रस्त्यापुरता बांधला जातो, हेही तितकेच खरे. स्वीडनने ई२० महामार्गावर जगातला पहिला कायमचा विद्युत रस्ता बांधायचे ठरवले होते. निविदांचे आकडे अंदाजपत्रकात बसेनात, तेव्हा २०२३ मध्ये ती प्रक्रिया थांबवावी लागली.

तार झाकण्याची हौस किती महाग पडते, हे लंडनने शंभर वर्षांपूर्वी पाहिले आहे. शहराच्या मध्यभागी डोक्यावर तारांचे जाळे नको म्हणून तिथे ट्रामला रस्त्यातल्या फटीखालच्या नळीतून वीज दिली जाई. बांधायला वरच्या तारेपेक्षा कितीतरी महाग, आणि फटीत चिखल-कचरा अडकला की गाडी बंद. मुंबईने तो नाद केला नाही. इथली विजेची ट्राम १९०७ पासून डोक्यावरच्या तारेवर धावली. पुढे १९६२ ते १९७१ या काळात गोवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर बेस्टच्या ट्रॉलीबसही तशाच धावल्या, हे आता फार थोड्यांना आठवत असेल.

ज्या शहरांत पाण्याची, गॅसची, मलनिस्सारणाची आणि इंटरनेटची वाहिनी टाकायला एकच रस्ता वर्षात चारदा उकरला जातो, तिथे डांबराखाली पुरलेल्या वेटोळ्याचे आयुष्य किती, याचा अंदाज कोणत्याही नगरसेवकाला असेल. म्हणून रस्त्यात वीज पुरण्याचा विचार आपल्याकडे सध्या करूच नये. हे मत जरा रोखठोक वाटेल, पण खड्डे बुजवण्याच्या कंत्राटांचा इतिहास पाहता ते सौम्यच आहे.

आपल्या दृष्टीने म्युनिकपेक्षा नागपूरची बातमी अधिक महत्त्वाची आहे. नागपूरची व्हीएनआयटी आणि सी-डॅकचे तिरुअनंतपुरम केंद्र यांनी मिळून एक देशी बिनतारी चार्जर तयार केला, आणि २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने तो उत्पादनासाठी उद्योगाकडे सोपवला. क्षमता दीड किलोवॅट, वेटोळ्यांतले अंतर साडेबारा सेंटिमीटर, कार्यक्षमता सुमारे ८९ टक्के. ४८ व्होल्टची बॅटरी तीन तासांत ९० टक्के भरते. पोर्शच्या लादीपुढे हे किरकोळ वाटेल. पण भारतात विकल्या जाणाऱ्या इलेक्ट्रिक वाहनांत मोटारी थोड्या. बहुसंख्य दुचाकी आणि तीनचाकी. ४८ व्होल्ट हा तर ई-रिक्षाचाच आकडा. रिक्षा रोज त्याच स्टँडवर, त्याच रांगेत उभी राहते, म्हणजे ठरलेली जागा ही अट तिथे आपोआप पुरी होते.

इथेही वास्तव आड येतेच. स्कूटर साइड स्टँडवर लावली की ती कलते, आणि कललेल्या वेटोळ्याला वीज कमी मिळते. दर वेळी मेन स्टँडवर चढवायची तर प्लग खोचण्यापेक्षा तेच जास्त कष्टाचे. रिक्षाला रांगेत सतत पुढे सरकावे लागते. आणि दुचाकी-तीनचाकीसाठी दुसरा, आधीच रुळलेला पर्याय समोर आहे: बॅटरी बदलून देणारी केंद्रे. दोन-चार मिनिटांत रिकामी बॅटरी ठेवून भरलेली न्यायची. जो दिवसभर डिलिव्हरी करतो त्याला तीन तासांचे बिनतारी चार्जिंग काय कामाचे? नागपूरच्या चार्जरला खरी संधी बहुधा कारखान्यांची आवारे, विमानतळ, मोठी रुग्णालये, विद्यापीठांची संकुले अशा बंदिस्त जागी मिळेल, जिथे ई-गाड्या ठरल्या फेऱ्या मारतात.

उरली बस. पुण्याच्या पीएमपीएमएलने २०१९ मध्ये भेकराईनगर डेपोतून इलेक्ट्रिक बस काढल्या, एसटीची शिवाई २०२२ मध्ये पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, बेस्टकडेही इलेक्ट्रिक बस आहेत. या बस मुख्यतः डेपोत चार्ज होतात. दिवसा बॅटरी उतरली की बसला प्रवाशांविना डेपोत परतावे लागते, आणि तो फेरा तिकीट न देणारा असतो. टर्मिनसवर बस सहा मिनिटे थांबते असे धरा. २०० किलोवॅटने सहा मिनिटांत २० युनिट मिळतात, म्हणजे शहरातली पंधरा-सोळा किलोमीटरची फेरी. हे आकडे पाहता बिनतारी चार्जिंगचा सरकारी पैशातून प्रयोग करायचाच असेल, तर तो स्वारगेटसारख्या एखाद्या टर्मिनसवर करावा. खासगी मोटारीच्या लादीला अनुदान देण्यात अर्थ नाही.

अर्थात हेच काम बसच्या छपरावरची यांत्रिक भुजाही करते. जिनिव्हाच्या २३ क्रमांकाच्या मार्गावर बस थांब्यावर आली की भुजा वर जोडली जाते आणि २० सेकंदांत ६०० किलोवॅटने वीज भरते. नासाडी कमी, रस्ता खोदायचा नाही. उलट वरची भुजा हलती, तिला देखभाल लागते, आणि कमी उंचीच्या छपराखालच्या टर्मिनसवर ती मावत नाही. कोणते बरे, हे परदेशी आकड्यांवरून ठरवण्यापेक्षा एकाच शहरात दोन टर्मिनस निवडून एकाच जातीच्या बसवर दोन्ही चालवून पाहावे. निविदेत काही अटी मात्र सुरुवातीलाच हव्यात. यंत्रणा खुल्या मानकाची असावी, म्हणजे उद्या दुसऱ्या कंपनीची बस घेतली तरी लादी चालेल. मीटर दोन असावेत, एक महावितरणच्या बाजूला, एक बसच्या बॅटरीपाशी, आणि कंत्राटदाराला पैसे बॅटरीत पोचलेल्या युनिटांचे मिळावेत. दोन्ही मीटरचे आकडे दर महिन्याला जाहीर व्हावेत. आणि चाचणीचा काळ जूनमध्ये सुरू करून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत ठेवावा, टर्मिनसवर गुडघाभर पाणी साचते त्या दिवसांसकट.